मार्गशीर्षातली सवत

परवा मानपाड्याच्या वळणावर आमची रिक्षा अडली. पुढे भाताच्या पेंढ्याने उतू जाणारा एक टेम्पो होता, आणि त्याच्या पुढे काय होतं ते देवालाच ठाऊक. डिझेलचा धूर, कारखान्यांचा तो उग्र दर्प, आणि त्या सगळ्याला बाजूला सारून नाकात शिरलेला ताज्या पेंढ्याचा वास. शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांनी रिक्षातून डोकं बाहेर काढलं, डोळे मिटून छाती भरून वास घेतला आणि स्वतःशीच हसले. मला राग आला. इतक्या वर्षांनी, गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना, भर वाहतुकीत, नुसत्या वासाने बाईमाणसाला मत्सर वाटू शकतो असं कुणाला सांगितलं तर लोक हसतील. हसोत बापडे.

मला सवत होती. ती कापडाची होती, आभाळात राहायची, आणि मी तिला डोळ्यांनी कधी पाहिलंही नाही.

एकोणीसशे पन्नास उलटून चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या लग्नाला वर्ष होत आलं होतं, पण त्यातले एकत्र काढलेले दिवस बोटांवर मोजावेत इतके. हे पलटणीत आणि मी डोंबिवलीला सासूबाईंजवळ, कौलारू चाळीतल्या दोन खोल्यांत. तेव्हाची डोंबिवली म्हणजे चार चाळी, पुष्कळ विहिरी आणि भोवती नजर जाईल तिथवर भातशेती. ह्यांना दोन महिन्यांची रजा मिळाली आणि माझ्या मनात मांडे सुरू झाले. ठाण्याला जाऊन तलावपाळीवर बसायचं, कल्याणला मावशीकडे जाऊन तिच्या हातचं खायचं, येताना टांग्याने यायचं. शेजारणीने केसांत माळायला अबोलीचं रोप दिलं होतं, तेही नेमकं फुलावर आलं होतं.

हे आले. पहिल्याच सकाळी मी डोळे उघडते तो शेजारची जागा रिकामी. सासूबाई चुलीशी बसून म्हणाल्या, "पळायला गेलाय. ठाकुर्लीच्या पॉवरहाऊसपर्यंत आणि परत. मला विचारू नकोस का ते. मी विचारलं तर म्हणाला, आल्यावर सांगतो."

आल्यावर सांगितलं. घाम पुसता पुसता, जणू भाजी काय आणू हे विचारावं इतक्या सहज. विमानातून हवाई छत्री घेऊन उड्या मारणाऱ्या सैनिकांत जाण्यासाठी ह्यांनी आपण होऊन नाव दिलं होतं. रजा संपली की आग्र्याला निवड. तिथे माणसाला आठवडेच्या आठवडे रगडतात, पळवतात, उपाशी ठेवतात, पाठीवर ओझं देऊन डोंगर चढवतात, आणि शेवटी विमानाच्या दारात उभं करतात. बरेचसे त्याआधीच परत पाठवले जातात. दारात पाय अडला तर त्याच दिवशी सामान बांधायचं.

"आणि देवळालीच्या खोल्या?" मी विचारलं.

देवळालीला ह्यांच्या पलटणीत बायकामुलांना राहायला खोल्या मिळत आणि पुढच्या वर्षी आमचा नंबर लागणार होता. दोन खोल्या, मागे पेरूचं झाड. ते झाड मी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या कुठल्या फांदीला दोरी बांधून कपडे वाळत घालायचे ते माझं ठरलेलं होतं.

"नव्या पलटणीत नंबर पुन्हा तळापासून लागतो," हे म्हणाले. "पण निवड झाली तर. होईलच असं कुठं आहे?"

म्हणजे हिशेब अगदी सरळ होता. हे पास झाले तर ती जिंकली, नापास झाले तर मी.

त्या ऋतूत माझं नाक फार तिखट झालं होतं. आजही डोळे मिटले की आधी वासच येतात. पहाटेच्या धुक्यात मिसळलेला पॉवरहाऊसचा कोळशाचा धूर. ह्यांच्या अंगाचा घाम आणि मोहरीचं तेल. वालाच्या शेंगा भाजल्याचा खमंग वास, आणि दुपारी, अगदी नको असताना, बांगड्याच्या कालवणाचा. तो आमच्या घरातला नव्हता. आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा येणं शक्य नव्हतं. तो ह्यांच्या शर्टाला लागून यायचा, दामूच्या घरून.

दामू हा ह्यांचा शाळेपासूनचा मित्र. मानपाड्याकडचा आगरी गडी, स्वतःची भातशेती, छाती दरवाजाएवढी. ह्यांच्या तयारीचा उस्ताद तो. पळायला बरोबर तो, खाडीत पोहायला बरोबर तो, मलंगगड चढायला बरोबर तो. आणि "याच्या अंगान जोर कसा येल नुस्त्या वरनभातानं?" असं म्हणून त्याची आई ह्यांना रोज दुपारी पाटावर बसवून मासे वाढायची. दामूच्या आईने वाढलेलं मिटक्या मारत खाऊन हे घरी यायचे आणि माझ्या हातची आमटी "आज भूक नाही गं" म्हणून सारायचे. मी सवतीवर जळत होते ते निराळं. पण त्या माउलीच्या बांगड्यावरही जळत होते, हे खरं आहे.

बरं, शरीराच्या तयारीचं काय, ती चाळीतल्या सगळ्यांनाच दिसत होती. मनाच्या तयारीने मात्र माझा अंत पाहिला. पलटणीतल्या कुणी उस्तादाने ह्यांना सांगितलं होतं की शरीर मागाहून मोडतं, मन आधी मोडतं. झालं. आठवड्यातला एक दिवस कडकडीत उपास. झोपायचं जमिनीवर, तेही सतरंजीशिवाय. आणि एक दिवस मौन. वर्षभराने घरी आलेला नवरा आणि त्याचं मौन! मी समोर बसून ताट वाढायची आणि हे खुणेने मीठ मागायचे. सासूबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "अरे, तू लष्करात भरती झालायस की मठात?" ह्यांनी हात जोडून फक्त मान हलवली. त्या दिवशी मीही मौन धरलं. संध्याकाळपर्यंत ह्यांच्या ते लक्षात आलं नाही.

चाळीतल्या पोरांना मात्र मौज झाली होती. हे ओट्यावरून उडी मारून जमिनीवर कसं पडायचं त्याचा सराव करायचे. पाय जुळवायचे, गुडघे सैल ठेवायचे, टेकलं की कुशीवर लोळायचं. दोन दिवसांत चाळीतलं प्रत्येक पोर ओट्यावरून अंगणात लोळायला लागलं. आया ओरडायच्या आणि जाता-येता माझ्याकडे रागाने बघायच्या, जसं काही मीच शिकवत होते.

मी काय शिकवणार? मला कुणी काही शिकवलं नव्हतं. सकाळी विहिरीवरून डोक्यावर हंडा, त्यावर कळशी आणि कमरेवर आणखी एक कळशी घेऊन मी चढाव चढून यायची. खेपांवर खेपा. त्याला कुणी सराव म्हणत नव्हतं. ह्यांची पाठीवर गोणी घेतलेली आकृती चढावावर दिसली की ओट्यावरचे म्हातारे कौतुकाने उठून उभे राहायचे. मी भरले हंडे घेऊन मागून येतच असायची. खरं सांगायचं तर तेव्हाचा माझा मत्सर दुहेरी होता. ह्यांना नेणाऱ्या त्या छत्रीचा तर होताच, पण ह्यांचाही होता. आपल्याला कुणीतरी पारखून घ्यावं, दमवावं, आणि मग तू चालशील असं म्हणावं, हे भाग्य एकट्या ह्यांच्याच वाट्याला का? मला पाहायला आले तेव्हा चालून दाखव म्हणाले होते, तेवढीच माझी निवड.

गोणीवरून आठवलं. ती मिठाची होती. दामूचा मेहुणा ठाण्याच्या खाडीवर मिठागरात होता, त्याने गोणीभर खडेमीठ दिलं. "रेती पाठीला टोचते, मीठ कसा अंगाला धरून बसतंय," हे दामूचं शास्त्र. सासूबाईंनाही ते पसंत पडलं, कारण रजा संपल्यावर तेच मीठ लोणच्याला होणार होतं. मलंगगडाच्या चढणीवर मिठाने उत्तम काम दिलं. मग दोघांच्या डोक्यात आलं की ओझ्यासकट खाडी ओलांडून बघावी. ओहोटी बघून, गोणी मेणकापडात बांधून, छातीभर पाण्यातून हे पलीकडे गेले आणि परत आले. तिथून घरापर्यंत पळत. अंगणात शिरले ते आनंदाने लाल होऊन.

"आज पाठीला काही वाटलंच नाही! शेवटी शेवटी तर गोणी आहे हेच विसरलो. जमायला लागलं गं!"

सासूबाईंनी गोणी उचलून पाहिली. चिपाडासारखी एका हाताने उचलली गेली. मेणकापड सोडलं तर तळाशी ओंजळभर चिखल.

"गाढवा," त्या म्हणाल्या, "माझं वर्षाचं मीठ खाडीत नेऊन घातलंस?"

मी इतकी हसले की ओट्यावर बसावं लागलं. दामूही हसला आणि शेवटी हेही. पण शर्ट काढला तेव्हा हसू थांबलं. मिठाचं पाणी झिरपून झिरपून पाठ सगळी सोलवटली होती. त्या दुपारी पळणं नाही, पोहणं नाही, दामू नाही. हे पालथे पडले होते आणि मी बोटांनी हळूहळू खोबरेल लावत होते. मध्येच हे म्हणाले, "हात चांगला आहे तुझा, हलका आहे." अंगणातल्या अबोलीचा केशरी रंग, खिडकीतून आलेलं ऊन, ह्यांचा श्वास. रजेतला माझ्या वाट्याचा दिवस तो. दुसऱ्या सकाळी दामू रेतीची गोणी घेऊन दारात हजर.

एक गोष्ट मात्र दामूला जमत नव्हती. ह्यांना उंचीवर कडेला उभं केलं की पाय खिळायचे. पळतील, पोहतील, ओझं वाहतील, पण कडेवर आलं की संपलं. विहिरीच्या काठावरून झालं, खाडीच्या धक्क्यावरून झालं. दामू मागून ओरडायचा, हे वाकायचे आणि मग मागे सरायचे. ह्यांनी मला हे एका दुपारी सांगितलं, वर न बघता. "बाकी सगळं जमेल. दारात अडेन बहुतेक." मी "होईल हो" असं काहीतरी पुटपुटले आणि तांदूळ निवडत राहिले. मनात मात्र पेरूच्या झाडाला दोरी बांधून झाली.

मग मार्गशीर्ष लागला, झोडणीचे दिवस आले. वर्षाचं भात आम्ही दामूच्या खळ्यावरूनच घ्यायचो, म्हणून सासूबाई आणि मी बैलगाडीने मानपाड्याला गेलो. सारवलेलं गुळगुळीत खळं, मधोमध लाकडी फळी, तिच्यावर भाताच्या पेंढ्या झोडणारे गडी, हवेत उडणारा सोनेरी भुसा, आणि एका अंगाला पेंढ्याची उडवी, घराच्या आढ्याइतकी उंच रचलेली. खाली मोकळा पेंढा पसरला होता. उडवीच्या माथ्यावर आमचे हे उभे होते.

दामू खालून ओरडत होता. "गो! गो रं!" हा विमानातला हुकूम ह्यांनीच त्याला शिकवला होता. हे पुढे व्हायचे आणि थांबायचे. झोडणारे गडी हात थांबवून बघायला लागले. वाळवण सांभाळणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "पलटणीतला शिपाय बग, पेंढ्याला भितो," कुणीतरी म्हणालं. दामू माझ्याकडे वळून म्हणाला, "वैनी, सकालधरनं ह्योच चाललंय. यो कय उरी मारीत नाय. आता मीच वर जातंव न् ढकलतंव याला."

आणि तो शिडीकडे निघाला.

मी हा क्षण पुष्कळदा आठवून बघते. मी थोर मनाने काही केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. ह्यांची उमेद मोडू नये, देशाला शूर शिपाई मिळावा, असलं काही माझ्या मनात नव्हतं. ह्यांच्यावर हसणाऱ्या त्या बायका मला दिसल्या. माझ्या नवऱ्याला हसायचं असेल तर ते मी हसेन, या कोण? आणि शिडीवर पाय ठेवणारा दामू दिसला. पळायला हा, पोहायला हा, जेवायला ह्याची आई, आणि आता आयुष्यातली ही एवढी उडी, तीही ह्याच्याच हाताने? मग मी कशाला आहे? माझ्या अंगाचा भडका उडाला.

"भास्कर!"

त्या काळी आम्ही बायका नवऱ्याचं नाव घेत नसू. लग्नात घास भरवताना उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेही लाजत, ओळीच्या शेवटी. एरवी "अहो", "इकडे", फार तर "ऐकलंत का". आणि मी सासूबाईंच्या शेजारी उभी राहून, परक्या खळ्यावर, बाप्यामाणसांदेखत गळा फाडून ओरडले होते. एकदा ओरडल्यावर मागे काय राहिलं होतं?

"भास्कर! मार उडी!"

हे आवाजाच्या दिशेला वळले. डोळे मोठे झाले, तोंड उघडं राहिलं. आणि पाय सुटले. पेंढ्यात धप्पकन पडले, कुशीवर लोळले आणि उठून उभे राहिले, केसांत काड्या अडकलेल्या. मग वेड लागल्यासारखे पुन्हा शिडीवर गेले आणि पुन्हा मारली. दुसऱ्या खेपेला माझ्याकडे बघितलंही नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

दामू कपाळाला हात लावून म्हणाला, "आयला, यवरंच व्हतं त पयलंच सांगाचं ना." परतताना बैलगाडीत सासूबाई अवाक्षर बोलल्या नाहीत. भाताच्या पोत्यांवर मी अंग चोरून बसले होते. आता माहेरी पाठवतात की काय असं वाटत होतं. घर आलं, गाडी थांबली, तेव्हा त्या उतरता उतरता म्हणाल्या, "नाव घ्यायचंच होतं, तर उखाणा तरी घ्यायचास गं." आणि पदराने तोंड झाकून घेतलं. खांदे हलत होते, म्हणून कळलं की हसतायत.

ह्यांची निवड झाली. देवळालीच्या खोल्या दुसऱ्या कुणाला मिळाल्या, पेरूच्या झाडाला दुसऱ्या कुणी दोरी बांधली. मी डोंबिवलीलाच राहिले, विहिरीवरून हंडे आणत.

पुढच्या मार्गशीर्षात हे घरी आले ते बाहीवर पंख आणि डोक्यावर किरमिजी टोपी घेऊन. चाळ गोळा झाली. दामूने खांद्यावर उचलून घेतलं. सगळे गेल्यावर, मी अंगणात अबोलीला पाणी घालत होते तेव्हा, वर्षभर जपून ठेवलेला प्रश्न विचारला. मला उत्तर ठाऊक होतं. फक्त ह्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"दारात उभे होतात, तेव्हा काय ऐकू आलं?"

"तुझी हाक," हे लगेच म्हणाले. "शपथेवर सांगतो. उस्ताद मागून ओरडत होता, पण इंजिनाच्या आवाजात मला तूच ऐकू आलीस. मार उडी."

मी तिथेच थांबायला हवं होतं. शहाणी बाई थांबली असती. पण मला सगळंच हवं होतं.

"आणि मग?"

ह्यांनी वर पाहिलं. आभाळ तेव्हा निरभ्र होतं, थंडीतलं असतं तसं. ह्यांचा चेहरा असा काही बदलला की माझ्या हातातलं पाणी आळं सोडून भलतीकडे सांडत राहिलं.

"मग छत्री उघडते," हे म्हणाले. "विमान लांब जातं. आणि एकदम काहीच नाही गं. आवाज नाही, वजन नाही, माणूस नाही. खाली शेतं असतात पण ती कुणाचीच नसतात. इतकं बरं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं."

"माझी आठवण आली असेल."

हे खोटं बोलू शकले असते. पण ह्यांना खोटं बोलता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं.

"नाही," हे म्हणाले. "कुणाचीच नाही."

त्यानंतर आमचा संसार झाला, चांगला झाला. उशिरा का होईना खोल्या मिळाल्या, मुलं झाली, बदल्या झाल्या, लढायाही झाल्या आणि त्यातून हे परत आले. निवृत्त होऊन आम्ही पुन्हा डोंबिवलीत आलो, तोवर शेतांवर इमारती उभ्या राहिल्या होत्या. दामूने खळं विकलं. तो येतो अधूनमधून, आणि त्याच्यावर आता माझा काही राग नाही. त्याच्या आईच्या बांगड्यावरही नाही. ह्यांच्या आयुष्यातल्या सगळ्या माणसांशी माझा समेट झाला.

ह्यांचे गुडघे गेले आहेत. इतक्या उड्या मारल्यावर जाणारच. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात, हातात वर्तमानपत्र असतं. विमान गेलं की वर बघतात. विमान दिसेनासं झालं तरी बघत राहतात, नुसत्या मोकळ्या आभाळाकडे, आणि तोंडावर परवा रिक्षात पाहिलं तेच हसू असतं.

परवा डॉक्टरांकडून परत आलो, तेव्हा ह्यांच्या बाहीला पेंढ्याची एक काडी चिकटलेली होती. ती तशीच ठेवून हे गॅलरीत जाऊन बसले. मी चहा टाकला आणि आतून हाक मारली. आता मी नावानेच हाक मारते, सुनादेखील मारतात आपापल्या नवऱ्यांना, कुणाला काही वाटत नाही.

"भास्कर, चहा."

हे वळतात. नेहमीच वळतात. पण माझी हाक पोचणं आणि ह्यांचं वळणं यांच्यामध्ये थोडासा वेळ जातो. लोक म्हणतात, वयामुळे. तेवढ्या वेळात हे कुठे असतात ते मला ठाऊक आहे. तिथे जायची उडी मीच मारायला लावली होती, आणि तिथे मला अजून कुणी बोलावलेलं नाही.